न भिजवलेली बाभूळ

अण्णा, बाभळीचं लाकूड आधी पाण्यात भिजवायचं असतं, मग वापरायचं असतं, हे तुम्हांला माहीत होतं. मला ते कळलं बावन्नाव्या वर्षी. तुम्हांला जाऊन सोळा वर्षं झाल्यावर, मोहोळच्या पुढच्या आपल्या गावात विहिरीच्या काठावर बसून, दुसऱ्याच माणसाच्या तोंडून. तेव्हापासून डोक्यात राग आहे. बायको म्हणते, गेलेल्या माणसावर काय रागावता. मी म्हणतो, होते तेव्हा कुठं रागवू दिलं त्यांनी.

सोलापूरच्या तुमच्या सुतारकामाच्या दुकानात साग सोडून दुसरं लाकूड आलंच नाही. दहावीच्या सुट्टीत मी टेंभुर्णीच्या एका मित्राच्या शेतातून बाभळीची फळी आणली होती, आठवतं का? आठ दिवस लपूनछपून खपून तिचा पाट केला. गुळासारखा रंग आला होता. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही दुपारचे जेवायला येता, पाट बघता. उचलून उलटा करता, सांध्यावरनं अंगठा फिरवता. मला वाटतं, आता काहीतरी चांगलं बोलणार. तुम्ही म्हणालात, "ह्ये औताचं लाकूड हाय. माझ्या दारात दिसता कामा न्हाय." आणि पायाखाली धरून त्याचे दोन तुकडे केलेत आणि न्हाणीतल्या बंबात घातलेत. आईनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्या पाण्यानं अंघोळ केली, ते माझ्याच पाटावर तापलं होतं. गावाची, औताची, बलुत्याची तुम्हांला लाज वाटते, असं मी समजलो आणि गप्प बसलो. पुढं तर मीच गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचो, आमचे अण्णा सागाशिवाय कशाला हात लावत नाहीत.

आता तो साग बघायला या. जुन्या वाणाचा चांगला साग फक्त डॉक्टरांच्या बंगल्यात जातो. बाकीच्यांना परदेशातून जहाजानं आलेला साग, पांढरट आणि हलका, नखानं चरा पडेल असा. तोही परवडत नाही म्हणून प्लायवूड. वीस वर्षं मी प्लायवूडच कापतोय अण्णा. फरशी पुसताना पाणी लागलं की खालची कड फुगते, बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत, पाचव्या वर्षी कपाट भंगारात. लोक म्हणतात, तुमच्या वडिलांनी केलेला पलंग अजून हलत नाही. मी हसतो. काय करणार. आणि तिकडं टेंभुर्णीच्या रस्त्यानं बाभळीच्या ओंडक्यांनी भरलेले ट्रॅक्टर वीटभट्टीकडं चाललेले दिसतात. आत लालभडक गाभा, पटाशीची धार उडेल इतका कठीण. आपल्याच मातीतलं, सामान्य माणसाला परवडणारं लाकूड, आणि आपण ते जाळतोय. ते बघून माझा जीव तुटायचा.

म्हणून वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेचं काम आलं तेव्हा मीच पुढं होऊन बाभूळ सुचवली. तिथल्या ताई निवृत्त नर्स आहेत, अभ्यासिका त्याच चालवतात. वस्तीनं वर्गणी काढली होती. घरात एका खोलीत सहा-सात माणसं, म्हणून पोरं-पोरी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला इथं येतात. आधीची प्लायवूडची टेबलं फुगून गेली होती. ताई म्हणाल्या, "मिस्त्री, एकदाच करायचंय बघा. परत परत वर्गणी मागायला तोंड न्हाय आमाला." मी म्हणालो, तुमची नातवंडं बसतील या टेबलांवर. असं बोललो मी.

स्टेशनच्या बाजूच्या वखारवाल्याकडनं ताजी बाभूळ चिरून आणली. तो म्हणाला, "ओली हाय मिस्त्री. एक पावसाळा काढू द्या की तिला." मला घाई होती, परीक्षा जवळ आल्या होत्या. आणि सोलापूरचं ऊन असताना पावसाळा कशाला पाहिजे, असं वाटलं. गच्चीवर फळ्या पसरल्या, महिनाभर कडक उन्हात तापवल्या. गाभ्याबाहेरचं पांढरं, कोवळं लाकूडही काढलं नाही, तेवढीच रुंदी मिळाली म्हणून खूश झालो. टेबलं देखणी झाली होती, खोटं नाही सांगत.

तीन महिन्यांत फळ्या चिरल्या. फळ्यांना आणि पायांना किडीची टाचणीएवढी भोकं पडली आणि त्यांतून पीठ गळायला लागलं. ताईंनी बोलावलं म्हणून गेलो, तर एक मुलगी वहीवरचं पीठ फुंकर मारून झटकत होती आणि पुन्हा लिहीत होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ताई काही बोलायच्या आत मीच बोललो, "वखारवाल्यानं फसवलं ताई. जुनं वाळलेलं म्हणून ओलं दिलं." तोंडातून सहज निघालं. ताईंनी विश्वास ठेवला. "तुमच्या वडलांचं काम आमी बगितलंय," म्हणाल्या, "तुमी आसं करणार न्हाय." टेबलं बाहेर काढली. पोरं सतरंजीवर बसायला लागली.

आता हे बाभळीचं कोडं सोडवणार कोण? शहरात विचारलं, सगळे हसले. शेवटी गावाकडं गेलो, तुमच्या चुलतभावाकडं. तात्या पंच्याऐंशीचे झालेत, पण बोलणं खणखणीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, तुज्या बापानं सांगितलं न्हाय व्हय तुला? बाबळ तोडली की आदी हिरीत टाकायची. दगडं बांदून बुडवायची. सा महिनं तिच्याकडं बगायचं न्हाय. पाणी काळं हुतं, वास मारतं, लाकडातला समदा गोडवा निगून जातो. मग किडा खाईल काय? आन् भायेर काडल्यावर सावलीत ठिवायची, टोकांना श्याण लिपून. उनात ठिवली की फुटली." मी म्हणालो, अण्णांना हे माहीत नसेल. तात्या म्हणाले, "त्याला म्हाईत न्हाय? त्येच्याइतकं चाक ह्या पट्ट्यात कुणी केलं न्हाय. पर त्या एका चाकानं..." आणि विषय बदलला. मी उठलो नाही. मग त्यांनी सांगितलं.

पद्धत अशी होती, की झाड शेतकऱ्यानं आपल्या बांधावरचं द्यायचं आणि चाक सुतारानं करायचं. एकाला उसाच्या हंगामाआधी बैलगाडी हवी होती. तुम्ही त्याची बाभूळ महिन्याभरातच विहिरीतून काढलीत. ओढ्याच्या उतारावर, भरल्या गाडीच्या चाकाचे आरे मोडले. त्याचा मुलगा गाडीखाली आला. पाय गेला त्याचा, कायमचा. आणि तुम्ही चावडीवर सांगितलंत, माझं काम चोख होतं, त्याचं झाडच किडकं होतं. महिन्याभरात तुम्ही सोलापूरला निघून आलात. गावाची लाज वाटली म्हणून नाही, अण्णा. आणि त्या शेतकऱ्यानं मरेपर्यंत स्वतःच्या झाडाला दोष दिला, असं तात्या म्हणाले.

मला राग कशाचा येतो माहीत आहे? चूक झाली त्याचा नाही. चूक कुणाच्याही हातून होते. पण तिच्याबरोबर तुम्ही बाभळीचं सगळं ज्ञान गाडून टाकलंत. एक वाक्य सांगितलं असतं, नुसतं एवढंच, की ही भिजवावी लागते, तरी पुरलं असतं. कारण सांगायची गरज नव्हती. मी विचारलंही नसतं. त्याऐवजी माझा पाट जाळलात. पस्तीस वर्षं तुमच्या त्या सागाच्या ऐटीचा मी अभिमान बाळगला. फुकट गेला की सगळा.

आता तात्यांच्या विहिरीत नव्या बाभळीचे ओंडके बुडवलेत. दगड मीच बांधले. पाणी काळं व्हायला लागलंय. सहा महिने भिजून ते सावलीत वाळेपर्यंत यंदाची परीक्षा होऊन जाईल, आणि ती पोरं-पोरी सतरंजीवर मान मोडून अभ्यास करतील. ताईंचा परवा फोन आला होता. म्हणाल्या, "तुमचे अण्णा असते तर ही येळ आली नसती बघा." मी हो म्हणालो. मग त्या म्हणाल्या, शेजारच्या वस्तीतल्या विहारालाही त्यांनी सांगून ठेवलंय, त्या वखारवाल्याकडनं लाकूड घेऊ नका, माणूस फसवतो. मी त्यालाही हो म्हणालो.

फोन ठेवल्यावर स्वतःला समजावलं, की तुमचं नाव राखायला गप्प बसलो. ते खोटं आहे. तुमच्या नावाला धक्का लागत नव्हता, मी माझं झाकलं. वखारवाला काल रस्त्यात भेटला, विचारलं, "टेबलं बरी हायत का मिस्त्री?" त्याला अजून काही माहीत नाही. हे पत्र त्याला द्यायला हवं. तो जिवंत आहे, दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. तुम्ही उलटून काही विचारणार नाही, म्हणून तुम्हांला लिहीत बसलो.