सहावी ब चा चालता-बोलता कॉम्प्युटर

३ जून, सोमवार
मुख्याध्यापक सिकाझ्वे सरांनी आज जाहीर केलं की महिनाअखेर जिल्हा शिक्षण कार्यालयातून साहेब येणार, कॉम्प्युटरच्या भागांचा पाठ बघणार. पाठ आवडला तर शाळेला सोलरवर चालणारी कॉम्प्युटरची खोली. खोलीची किल्ली एका शिक्षकाकडे.
ती किल्ली माझी. ही बढाई नाही. आख्ख्या शाळेत कॉम्प्युटरची सवय मला एकटीला आहे, कारण शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर गेल्या वर्षापासून माझ्याच घरी आहे. शाळेत धूळ फार. आमच्या मुटालेच्या वडिलांनी तो स्वतः हातगाडीवरून आणला आणि मी त्याच्यावर माझं कोरं चितेंगे पांघरलं. माझ्या अंगाला अजून लागलेलं नव्हतं ते कापड.
संकल्प: रोज एक तास टायपिंग.

४ जून
टायपिंग राहिलं. आधी माऊसवर हात बसायला हवा, म्हणून पत्त्यांचा डाव लावला. हात बसतोय. चुलीवरची न्शिमा मात्र तळाला लागली. मुटालेच्या वडिलांनी भांडं खरवडताना आवाज जास्त केला.

६ जून
कल्पना सुचली! मुलंच कॉम्प्युटर होणार. एकेकाला एकेक भाग करायचं. खरं यंत्र समोर आलं की मुलं नुसती बघत बसतात, डोकं चालत नाही. (शिवाय शनिवारी त्याच्यावर मॅच बघायची आहे, आत्ता हलवणं बरोबर नाही.)
न्कान्दू मॅडमना विश्वासात घेऊन सांगितलं. वयाने लहान, पण मी त्यांना मैत्रीण मानते. त्या म्हणाल्या, "छानच आहे, ताई. पण मुलांना एकदा खरा दाखवा की!" मी विषय बदलला. मैत्रिणीने असं बोलावं?

११ जून
पहिली तालीम. साखरेच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून गळ्यात घातले. कीबोर्ड, माऊस, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर. वायर म्हणून आमच्या अंगणातली कपड्यांची दोरी, ती धरायला बाकीची मुलं.
प्रश्न कीबोर्डच्या कानात सांगायचा. तो प्रोसेसरला सांगणार, प्रोसेसर हार्ड डिस्कला विचारणार, उत्तर रॅमने धरून ठेवायचं आणि मॉनिटरने ओरडून दाखवायचं. रॅमला म्हटलं, वीज गेली की तू सगळं विसरायचं. तो म्हणाला, "ते मला वीज असतानाही येतं, मॅडम."
हार्ड डिस्क सांपा. माझ्या शेजारचाच मुलगा, काही विसरत नाही. पहिल्या सत्रात मी सगळ्या वर्गाला वितुम्बुवा तळून आणीन म्हणाले होते, तेही त्याच्या लक्षात आहे.
पुठ्ठे संपले, दोरी संपली तरी कासोंडे उरली. बारकीशी, मागे बसणारी. तिने विचारलं, "मॅडम, वीज कोण?" म्हटलं, तेच सांगणार होते. मग तिला वीज केलं. ती उभी असली की सगळे चालू. ती खाली बसली की जिथल्या तिथे गप्प.

१८ जून
पाठ बसला! मुलं खेळाच्या सुट्टीतही कॉम्प्युटर होतात. गणिताच्या सरांनी तक्रार केली की पाढे म्हणायला सांगितलं की कासोंडे खाली बसते आणि अख्खा वर्ग मुका होतो. मत्सर, दुसरं काय.
न्कान्दू मॅडमनी शिक्षकांच्या खोलीत, सिकाझ्वे सरांसमोर, पुन्हा विचारलं कॉम्प्युटर कसा आहे म्हणून. सरळ पाठीत सुरा. ठरवलं, आता यांना घरातलं मीठसुद्धा द्यायचं नाही.

२२ जून, शनिवार
मॅच. निम्मी गल्ली माझ्या बैठकीत, उरलेली खिडकीत. मुटालेच्या वडिलांना म्हटलं, अहो, सरकारी वस्तू आहे. तर म्हणाले, "मग ही माणसं काय परदेशी आहेत?"
टायपिंग उद्यापासून.

२८ जून, शुक्रवार, दुपारी
लिहून टाकते.
साहेब खूश होते. कीबोर्डच्या कानात त्यांनी विचारलं, हार्ड डिस्क काय करते? मॉनिटरचं उत्तर मैदानापर्यंत गेलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सिकाझ्वे सर माझ्याकडे बघून हसले. किल्ली मला दिसत होती.
मग साहेब सहज म्हणाले, "आता विचारा, शाळेला दिलेला खरा कॉम्प्युटर कुठे आहे?"
कीबोर्ड अडखळला. प्रोसेसर सांपाकडे वळला. सांपाने तोंड उघडलं आणि कासोंडे धपकन खाली बसली!
सगळं बंद. माऊसचा पायसुद्धा हवेत. साहेब पोट धरून हसले. "अगदी आमच्या ऑफिससारखं!" म्हणाले आणि टोपी घेऊन उठायलाच लागले.
ऐन वेळी माझा पाठ नासवला या पोरीने! म्हटलं, ऊठ. ती म्हणाली, "वीज गेली, मॅडम." म्हटलं, गेलेली नाही! ती माझ्याकडे टक लावून म्हणाली, "मॅडम, आज लवकर नाही येणार." माझ्या वर्गात असा अडेलपणा? दंडाला धरून उभी केली.
यंत्र चालू झालं. सांपा बोलला, रॅमने धरून ठेवलं, एरवी कधी धरत नाही ते, आणि मॉनिटर प्रार्थनेच्या आवाजात ओरडला, "मॅडमच्या बैठकीत! चितेंगेखाली! शनिवारी मॅच असते, खिडकीतूनही दिसते!"
मी साहेबांना धुळीचं समजावून सांगितलं. ते परत खाली बसले. आता हसत नव्हते.

२ जुलै
कॉम्प्युटर नेला. शाळेच्या शिपायाबरोबर न्कान्दू मॅडम स्वतः आल्या. सोलरची खोली झाली तर किल्ली त्यांच्याकडे. मला म्हणाल्या, "ताई, शिकवलंत मात्र सुंदर. माझ्या मुलांना माऊस म्हणजे अजून उंदीरच वाटतो." खिजवायची ही नवी तऱ्हा. मी चितेंगे ठेवून घेतलं.

५ जुलै, संध्याकाळी
कासोंडे घरी आली होती. आईने भाजलेले शेंगदाणे पाठवले होते. आपला खेळ पुन्हा कधी, विचारत होती. न्कान्दू मॅडमच्या तासाला एकजण कॉम्प्युटरवर बसतो आणि बाकीचे रांगेत उभे राहतात म्हणे. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांना आत जागा होती," म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते दाखवलं नाही.
मग हळूच म्हणाली, "मॅडम, मी बसले होते ना त्या दिवशी."
म्हटलं, हो, तीच तर तुझी चूक.
तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लहान आहे, कळत नाही. शिक्षकाने मन मोठं ठेवावं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, जा, तुला माफ केलं.
तिने साधे आभारसुद्धा मानले नाहीत.