चौकीच्या दारात रडलेली दुपार

याडी, माझे माय, आज आपल्या गोरेगावच्या बाजारात दोन बाया गळ्यात पडून रडताना दिसल्या आणि मी भर रस्त्यात हसत सुटले. नातीला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मग तिला निजामाच्या शेवटच्या वर्षातली ती दुपार सांगावीच लागली.

भाऊ सरहद्दीपलीकडच्या टोळीसोबत निजामाचे जकातनाके फोडायचा. एकदा सापडला आणि चौकीच्या कोठडीत पडला. दुसऱ्या दिवशी त्याला परभणीच्या तुरुंगात नेणार होते, आणि तिथून माणूस परत येईल याचा भरवसा नव्हता. टोळीतली पोरं मागची मातीची भिंत फोडायला तयार होती, पण पहारीचा आवाज लपवायचा कसा? तू म्हणालीस, "आपल्या बायांला रडू नका म्हणून कोण सांगून राहिलंय?" लेक भेटली की आपल्या बंजारा तांड्यातल्या मायलेकी गळ्यात गळा घालून गात गात रडतात, हे शिपायांनाही ठाऊक. मला सासरहून बोलावून घेतलंस आणि भेटलीस ती थेट चौकीच्या दारात.

तू सूर लावतेस, मी लावते, मागं पहार पडते आहे. तू आजीसाठी रडलीस, मेलेल्या म्हशीसाठी रडलीस, शेवटी माझ्या नवऱ्याच्या चिकटपणावर घसरलीस, तरी भिंत काही पडेना. पहाऱ्यावरचा एकटा शिपाई वैतागून उठला. "बस करो अम्मा, कैद्याला पाणी द्यायचंय," म्हणत तो कोठडीकडे वळला, तशी तू मला सोडून त्याच्याच गळ्यात पडलीस. "लेकरा रे, तुझी माय कुठं हाय रे?" तो सुटायला बघतोय, तुझ्या बांगड्या त्याच्या पाठीवर खणखणताहेत, आणि बघता बघता तोच हुंदके द्यायला लागला. त्याची माय दूर बीदरकडं होती, कधीची भेट नव्हती. त्याचे डोळे पुसून होईतो भाऊ सरहद्दीवरच्या पैनगंगेच्या वाटेला लागलाही होता.

घरी हे सांगताना मी तुझी नक्कल करते आणि सगळे पोट धरून हसतात. तू सोंग करत नव्हतीस, एवढं मात्र सांगत नाही. मी तुझ्या छातीशी होते, तू सगळी थरथरत होतीस. तू आता नाहीस, हे पत्र टाकायचं तरी कुठं, म्हणून इथंच वहीत लिहिते. त्या दिवशी खोटं रडणारी एकटी मी होते, याडी. तू मला धरलं होतंस, म्हणून मला भीती वाटलीच नाही.