फक्त भाषा बदललीत

सोलापूर, चैत्र शुद्ध पंचमी, शके १८५३

दोन वर्षं खपून मराठीत आणलेलं बाळंतपणाच्या शास्त्राचं पुस्तक आज छापून हाती आलं. त्यावर माझं नाव नाही. प्रकाशक म्हणाले, "बाई, शास्त्र इंग्रज डॉक्टरांचं. तुम्ही फक्त भाषा बदललीत." फक्त? एकेका शब्दासाठी मी किती सुईणींच्या दारी जाऊन बसले, ते यांना कोण सांगणार?

दिवसभर ते 'फक्त' डोक्यातून जाईना. संध्याकाळी भवानी पेठेतली सुईण सत्तव्वा आली. नाळ कापायचं प्रकरण मी तिला हस्तलिखितातूनच वाचून दाखवलं होतं.

"बाई, एका बाळंतिणीच्या घरी तुमी सांगितलं तशी कात्री उकळली, दोरा उकळला. त्या घरची आदीची दोन पोरं आठवड्याच्या आत धनुर्वातानं गेली. ह्या पोराचं आज बारसं झालं की!"

मी तिच्या हाती पुस्तक दिलं. तिला वाचता येत नाही. मुखपृष्ठावरून बोट फिरवत तिनं विचारलं, "ह्यात तुमचं नाव कुटं हाय?"

मी नाळेचं प्रकरण उघडून तिच्यापुढे धरलं.

"हे अख्खं पान माझं आहे," मी म्हटलं. आणि हे बोलताना मला जराही संकोच वाटला नाही.