‘किरकोळ’ची नोंद

३ जानेवारी, रविवार
संकल्प: ‘बदललेल्या अर्थांचा कोश’ यंदा पुरा. रोज दहा कार्डं, शब्दाला एक. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली, माझ्याशिवाय हे करणार कोण? एकेक अक्षर वाचायचं, मजकुरात गुंतायचं नाही. गुंतलं की चुका निसटतात. संध्याकाळी सहाला लेकीचा फोन. नवीन घर ‘भयंकर छान’ म्हणाली. तिथेच थांबवून पुन्हा म्हणायला लावलं, तारखेसकट लिहून घेतलं. घर कुठे घेतलं ते राहिलं.

५ जानेवारी
कार्डं: दोन. ‘राजीनामा’वर दुपार गेली. मूळ अर्थ संमतीपत्र! जिन्यात शेजाऱ्यांना सांगायला गेलो. त्यांना घाई होती. हल्ली माझं दार वाजलं की त्यांना घाई होते.

१० जानेवारी, रविवार
कार्डं: शून्य. शाई वाळली होती. लेकीने मध्येच विचारलं, बाबा, ऐकताय ना? ऐकतोय तर! शब्दन् शब्द.

१७ जानेवारी, रविवार, रात्री ८
आज घबाड. लेक म्हणाली, बुधवारी किरकोळ ऑपरेशन आहे. ‘किरकोळ’! दुकानदारीतला शब्द थेट माणसाच्या पोटापर्यंत पोचला. वीस मिनिटं समजावलं. ती एकदाही मध्ये बोलली नाही. इतका रस तिने आजवर घेतला नव्हता.

२४ जानेवारी, रविवार
सहा वाजले. सात. फोन नाही. आजकाल कुणाला वेळेची किंमत नाही. ही होती तेव्हा लेकीचा फोन आधी तीच घ्यायची, आणि ठेवल्यावर मला काय ते सांगायची. घर फार गप्प आहे. उद्यापासून वीस कार्डं.

२५ जानेवारी
कार्डं अकारविल्हे लावायला घेतली. ‘क’मध्ये ‘किरकोळ’च्या कार्डावर हात थांबला. खाली उदाहरण: ‘बाबा, बुधवारी माझं किरकोळ ऑपरेशन आहे.’ अक्षर माझंच, सुवाच्य. एकही चूक नाही. तीन वेळा वाचलं. बुधवार होऊन पाच दिवस झाले.
फोन लावला. जावयांनी घेतला. झोपलीय म्हणाले. तिने बजावलं होतं म्हणे, बाबांनी आपणहून विचारलं तरच सांगायचं.
विचारलं. बराच वेळ सांगत होते. पेन टेबलावरच राहिलं. कोणते शब्द वापरले, काही आठवत नाही. टाके शुक्रवारी काढणार आहेत.