ठकूची खोगीरभरती

५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. मोबाइल शिबिराच्या दारातच काढून घेतले, म्हणून हे पत्र. वहिनीला सांग, तंबू कोरडा आहे आणि जेवण दोन्ही वेळा गरम मिळतं.

बेचाळीस वर्षांची बाई राजा-राणीचा खेळ खेळायला निघाली, असं तू म्हणालास. खेळ आहेच. इथे एक काल्पनिक राज्य आहे आणि सगळ्यांनी पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसांसारखं राहायचं. राणीबाई एरवी दातांच्या डॉक्टर आहेत, त्यामुळे सिंहासनावरूनही समोरच्याच्या दातांकडेच बघतात. ड्रॅगनमध्ये चार जण शिरतात आणि शेपटीवाला दर वेळी मागे राहतो. पण काम मात्र खोटं नाही. लोहार खरं लोखंड तापवतो, कुंभारणीचं मडकं खरंच फुटतं.

मला ज्यांच्या हाताखाली दिलंय त्यांना सगळे उस्तादबाई म्हणतात. त्या वर्षभर घोड्यांची खोगिरं करतात, तोच त्यांचा धंदा. शिबिर संपलं की आम्हा शिकणाऱ्यांपैकी एकाला त्या कायमचं कामावर ठेवणार आहेत. दादा, मला ती जागा हवी आहे.

आता हस. माझं पहिलं काम म्हणजे खोगिरात लोकर भरायची. आपल्या गाद्यांच्या दुकानात माझ्या हातशिलाईऐवजी शिवणयंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा तू पाहुण्यांसमोर म्हणालास की ठकू म्हणजे आपल्याकडची खोगीरभरती, काम असो नसो, आहे आपली. सगळे हसले, मीही हसले. नंतर वर खोलीत जाऊन रडले. तर ते पद आता मला रीतसर मिळालं आहे.

कळावे. राग नाही, लोभ आहे, तुझाही असू दे.
तुझी,
ठकू

११ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. आ.

पत्र पोचलं. शब्द तोंडातून गेला खरा. तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. वहिनी तुझं पत्र वाचल्यापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते आहे, तेव्हा शिक्षा चालू आहे असं समज.

पण तुझ्या उस्तादबाईंना सांग, ही गादीवाल्यांची मुलगी आहे, भरण्यात हिचा हात कोणी धरणार नाही. बाबांचा नियम विसरू नकोस. कोपऱ्यापासून ठासून भरायचं, मग मधोमध मूठ दाबायची. मूठ आत गेली तर गादी उसवायची. तसं भर, बाई पाहतच राहतील.

यंत्र आलं. गुरगुरतं फार, पण शिवतं. तू परत आलीस की त्याच्यावर देखरेख कर. तुझी खुर्ची खिडकीजवळ ठेवली आहे. वहिनी विचारते, तिने पिशवीच्या चोरकप्प्यात ठेवलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या सापडल्या का.

कळावे, लोभ ठासून भरलेला असावा.
तुझा,
दादा

१७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांचा नियम पाळला आणि तोंडघशी पडले. गादीत खड्डा म्हणजे पाप, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. खोगिराच्या खालच्या बाजूला मधोमध पोकळ पन्हळ दिसली, ती मी लोकरीने छान ठासून भरून टाकली. मूठ मारून पाहिली, दगड. उस्तादबाईंनी हात फिरवला आणि शांतपणे विचारलं की यावर कोण झोपणार आहे. राणीबाईंसकट सगळा दरबार हसला. घोडीचं नाव सरकार. तिच्यावर ते चढवलं तर तिने कान मागे टाकले आणि जागची हलेना. सरकारनेच नामंजूर केल्यावर अपील कुठे करणार?

ती पन्हळ घोड्याच्या कण्यासाठी असते. भार दोन्ही बाजूंच्या मांसावर यायला हवा, कण्याला काही टेकता कामा नये. आपण जन्मभर वर झोपणाऱ्याचा विचार करून भरत आलो. खाली पलंग असतो, त्याला कोण विचारतो? इथे खाली जीव आहे. लोकरही ठासायची नाही, पिंजून हलक्या हाताने, थर लावत जायचं. उस्तादबाई म्हणतात, कातडं कोणीही शिवेल, खोगीर कळतं ते भरतीवरून. तेव्हा दादा, तो शब्द मी ठेवून घेतला आहे. तू मात्र जपून वापर.

सगळं उसवून पुन्हा भरलं आहे. उद्या राणीबाईंचा जासूद सरकारवर माझं खोगीर घालून डोंगरापलीकडे जाणार. माझ्यासोबत शिकणारे एक निवृत्त पोस्टमनकाका आहेत, त्यांचं खोगीर दुसऱ्या घोड्यावर. त्यांचे टाके माझ्यापेक्षा सरळ आहेत. ज्या घोड्याची पाठ दुखावेल, त्याच्या खोगीरवाल्याने घरी जायचं. मला भीती वाटते, पण या वेळी हाताला खात्री आहे.

गोळ्या सापडल्या. घ्याव्या लागल्या नाहीत.

लोभ आहे तसा राहू द्यावा.
ठकू

२३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल सरकार परतली. उस्तादबाईंनी स्वतः पट्टा सोडला आणि खोगीर उचललं. पाठीवर दोन्ही बाजूंना घामाचे ओले पट्टे, अगदी सारखे, आणि मधे कण्यावरची रेघ कोरडी ठणठणीत. त्यांनी तळहाताने दाबून पाहिलं. सरकार चारा खातच राहिली. काकांच्या घोड्याला खांद्यामागे गाठ आली होती. काका मनाचे मोठे, पहिली शाबासकी त्यांनीच दिली.

सोमवारपासून मी कामावर आहे. शिबिर उठेल, मी उठणार नाही. उस्तादबाईंच्या कारखान्यामागे एक खोली मिळते, तिची खिडकी तबेल्याकडे उघडते. वास येतो, पण सवय होईल.

दादा, खुर्ची ठेवू नकोस. तुझ्यावर रुसून मी हे करत नाही. मला हे काम येतं आणि ते करताना मला फार आनंद होतो, एवढंच कारण आहे. तुला वाईट वाटेल, ते मला माहीत आहे, आणि मलाही वाटतं आहे.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ दूरवरही पोचेल, अशी खात्री आहे.
ठकू

२९ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. आ.

पत्र वाचलं आणि भर दुकानात चष्मा शोधत बसलो. तो नाकावरच होता. मग यंत्र बिघडलं आहे, लगेच निघून ये, असं लिहायला घेतलं. यंत्र उत्तम चाललं आहे. कागद फाडला.

जेवताना मी म्हणालो, ठकूने घर सोडलं. तुझी वहिनी पानावरून उठायचीच बाकी होती. म्हणाली, सोडलं कसलं, तिला आता माहेर झालं. मी म्हणालो, अगं, तिचं लग्न कुठे झालंय? त्यावर म्हणाली, माहेरपणाला लग्न कशाला लागतं? बाईला तिची स्वतःची जागा असली, की मागे राहतं ते माहेर. तुझी खोली तिने झाडून पुसून ठेवली आहे.

तेव्हा सुट्टी मिळाली की ये. कोणी तुला काम सांगणार नाही, सुईला हात लावू देणार नाही. चार दिवस उशिरा ऊठ, आयतं जेव, माझ्यावर रुसून घे. मग मी स्वतः तुला तुझ्या कामावर पोचवून येईन.

तुझी वाट पाहणारा,
दादा