न घेतलेला पगार

ता. ४

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा खोक्यांचा कारखाना जोरात असेल. माझं मात्र इथे बिनसलंय. एका जर्मन कारखान्याचं खर्चाच्या हिशेबाचं पुस्तक मी इंग्रजीत करतेय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. भाडं, वीज, घसारा, सगळ्यांना शब्द मिळाले. एका ओळीशी गाडी अडली. मालक आणि त्याच्या घरची माणसं पगार न घेता राबतात, तरी तो पगार किती झाला असता हे ते लोक खर्चात धरतात आणि मगच मालाचा भाव ठरवतात. त्याला त्यांच्याकडे एकच शब्द आहे, उंटरनेमरलोन. मी इंग्रजीत सरळ ‘मालकाचा न घेतलेला पगार’ अशा अर्थाचं लिहून खाली टीप दिली.

आमचे साहेब म्हणतात, इंग्रजीत असलं काही नसतं, ओळ खोड आणि रक्कम नफ्यात ढकल. पंचवीस तारखेपर्यंत खोडली नाही तर उरलेले दोन खंड दुसऱ्याला देणार. मी तोंडावर नाही म्हणून आले.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवा.
तुमची भाची

ता. ९

चि. भाषापंडित हिस,
अनेक आशीर्वाद.

अगं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. एका ओळीपायी दोन खंड घालवतेस? आणि घरच्या माणसाला कसला आलाय पगार! तुझी मामी सव्वीस वर्षं रोज दहा ते सहा खोकी तपासते. आजवर तिने एक पैसा मागितला नाही. खोड ती ओळ आणि मोकळी हो.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती चष्मा पुसत बसली.

मामाचा लोभ अबाधित आहे.
मामा

ता. १२

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

राग आलाय, लपवत नाही. मामींनी मागितला नाही, पण तुम्ही कधी विचारलंत? प्रत्येक खोकं उलटं करून अंगठ्याने तळ दाबून बघायचं, हे काम करायला बाहेरचा माणूस ठेवलात तर त्याला किती द्याल? तोच आकडा ते जर्मन लोक लिहितात. तो नफ्यात ढकलला की राबणाऱ्या घरच्या बाईने काही केलंच नाही असं होतं. असल्या पुस्तकावर मी माझं नाव घालणार नाही. साहेबांना आज तसं लेखी दिलं.

उलट बोलले म्हणून कान धरते. ओळ मात्र सोडणार नाही.
भाची

ता. २२

चि. पोरी,
पोटभर आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र तुझ्या मामांनी वाचून दाखवलं नाही, कपाटात ठेवलं. मी काढून वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात गेलेच नाही. मामांनी बाहेरचा तपासनीस आणला. त्याने आत पाऊल टाकायच्या आधी पगार ठरवून घेतला. तरी परवा चाळीस खोकी तळ उघडून परत आली.

काल तुझे मामा मालाच्या भावाचा कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. माझ्या पगाराची ओळ कुठे लिहायची, असं विचारत होते. मी सांगितलं, सगळ्यात वर, भाड्याच्याही आधी. भाव वाढेल, गिऱ्हाईक पळेल म्हणाले. पळू दे म्हटलं. आकडा मी सांगितला आणि एक पैसा कमी केला नाही. आज दहाला मी कामावर गेले.

तू ती ओळ खोडू नकोस. दोन खंड गेले तर जाऊ देत. इकडे ये, कारखान्याला पत्रव्यवहार सांभाळणारं माणूस हवंच आहे. पण येण्याआधी पगार ठरव. भाची म्हणून फुकट राबायला आलीस तर दारातूनच परत पाठवीन.

तुझी मामी