खडा ओळखणारी मशीन

कोईमतूर
११ जानेवारी २०२५

संध्याताईले प्रीतमचा जय भीम.

तू बरी असशीन. मायचा गुडघा कसा आहे ते कळव. मी खुशाल आहो, इथं पोळीच्या नावानं जे भेटते ते खाऊन राहिलो. फोन सोडून चिठ्ठी काहून लिहिली म्हणशीन, तर तुया फोन मायच्याच कानाले असते, अन् ती स्पीकर लावते. आठवीतल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

आधी इथल्या शहाण्यायचं ऐक. आमची कंपनी डाळ निवडायची मशीन बनवते. वरून डाळ पडते, कॅमेरा खडा ओळखते, अन् हवेचा फवारा त्याले बाजूले उडवते. ओळखायची अक्कल एका लायब्ररीतून येते. पुस्तकायची नाही, लोकायनं लिहून ठेवलेला आयता प्रोग्राम. फुकट भेटते, फक्त आपल्या कंप्युटरवर बांधून घ्या लागते. एवढ्याच कामाले एवढे इंजिनिअर बसले, अन् पडद्यावर नुसती लाल अक्षरं. प्रोग्रामचा एक तुकडा नवा, एक जुना, दोघायचं जमेना. एक म्हणे नवा काढा, दुसरा म्हणे जुना काढा. शेवटी सारंच पुसलं अन् पुन्हा पयल्यापासून.

या इंजिनिअरायचा मोठा साहेब किशोर, आपल्या नांदगाव खंडेश्वरचा. पुण्यात शिकून आला तर 'मला, तुला' करते. मी 'मले' म्हणलं का हासते. एकदा इचारलं, "किशोरभाऊ, तुमची माय घरी कसं बोलते?" तर म्हणे, "तू पोती उचल."

बांधून झालं, तर मशीन रेंगाळे. खडा निघून गेल्यावर फवारा सुटे, अन् मागची चांगली डाळ उडे. किशोर म्हणे कॅमेरा खराब. कॅमेरा बदलला. मग म्हणे वायर. मग म्हणे गरमी. मग म्हणे, "प्रीतम डाळ नीट टाकत नाही."

चूक त्याचीच होती. लायब्ररी बांधताना यानं तपासणी चालू ठेवली होती, जी फक्त चुका शोधाले लागते. म्हणून प्रोग्राम दर दाण्याले स्वतःलेच इचारत बसे, बरोबर केलं ना मी. ती बंद करून पुन्हा बांधलं, का झाली मशीन सुसाट. हे तो जोडीदाराले हळूच सांगत होता, मी मागंच उभा. मालकाले मात्र म्हणे, "स्पीड वाढवला सर." टाळ्या पडल्या. स्वतः लावलेला ब्रेक काढला म्हणून टाळ्या.

पुढचं मायले वाचून दाखवू नको.

दिवाळीनंतर मायनं जो डबा धाडला होता, खडे, ढेकळं, किडका दाणा, करपलेला दाणा, साऱ्यायच्या वेगळ्या पुड्या बांधून, तो मीच मागवला होता. छाती फुगवून किशोरले म्हणलं होतं, माया मायवाणी डाळ निवडणारी अकोल्याच्या एकाही मिलमध्ये नाही. त्याच पुड्यायचे फोटो काढून मशीनले शिकवलं. माय दर फोनले इचारते, "माया कचरा कामी आला का रे?" मी म्हणतो, "नाही वो, बिनडोक लोक आहेत." कामी आला ताई. ढेकूळ काळं अन् करपलेला दाणाही काळा, तरी मशीन दोघायले वेगळं ओळखते.

पयली मशीन मायच्याच मिलमध्ये येऊन राहिली. शेठ बायायले सांगन, मदतीले आहे. किशोर फोनवर त्याले काय म्हणाला ते मी खोके बांधता बांधता ऐकलं. "निवडणाऱ्या बायकांची गरजच राहणार नाही शेठ."

बाळापूर रोडच्या मिलमध्ये अजून हातानं निवडतेत. तिथं दोनचार जागा असतीन, माय लवकर गेली तर घेतीन. तिले तिथं धाड, पण कारण सांगू नको. कळलं तर ती आधी पार्बताबाईले सांगन, शेजारी बसून जिंदगी गेली त्यायची. अन् पार्बताबाई साऱ्या बायायले. मग साऱ्या एकाच दारात.

माय जादा पाळीले थांबे तवा आपण पार्बताबाईच्याच घरी जेवत होतो, ते मले आठवते. तरी लिहिलं. किशोरले एवढं बोललो, पण तो तरी स्वतःच्या मायच्या हातचं काम घेऊन मशीनले शिकवत नाही.

मशीन बसवून द्याले किशोरसंगं मीच येऊन राहिलो. नाही म्हणलं तर दुसरा येईन, मशीन काही थांबत नाही. पार्बताबाईले सांगतलं तर मी रागावणार नाही. नाही सांगतलं तरी नाही. ते तुयावर सोडलं. फक्त मी मिलमध्ये शिरन तवा माय तिथं सूप घेऊन बसलेली नको.

घरी बोलावशीन तर येईन.

तुया भाऊ
प्रीतम